कपाळावरचा डाग

“डाग काढायचाच नाही, तर मग मी शिकून आलो कशासाठी, पंत?”

निनादने हे हसत हसतच विचारलं, पण आवाजात तोरा होता. जुने फोटो आणि कागद जतन करण्याचं शिक्षण घेऊन तो दिल्लीहून आला होता आणि आल्या आल्या ग्रंथालयातल्या घरगुती अल्बमांची खोली त्याच्या हाती आली होती. तेव्हापासून स्वारी धुळीवर तुटून पडलेली. आज शाबासकीसाठी एक फोटो घेऊन तो पंतांच्या टेबलाशी उभा होता.

दत्तोपंत आगटे या संग्रहाचे प्रमुख. लोकांच्या माळ्यांवरून आणि ट्रंकांतून अल्बम गोळा करण्यात त्यांची हयात गेली होती. बोलणं अगदी बेताचं. निनादला तो कधी कधी म्हातारपणचा आळस वाटे.

पंतांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. खुर्चीत ताठ बसलेली तरुण बाई, अंगावर नऊवारी, मांडीवर पुस्तक.

“इथे काय होतं?” त्यांनी तिच्या कपाळाकडे बोट केलं.

“लाल डाग. चांगला जाड थर होता. वर्षानुवर्षं कुणीतरी बोटाने थापत आलेलं. कागद खात होता तो.”

“थर कशाचा?”

“कुंकवाचा.”

“आणि तू काय केलंस?”

“मी ते कुंकू पुस...”

निनाद अडखळला. मराठी घरात वाढलेला मुलगा. हे दोन शब्द एकत्र आले की त्यांचा अर्थ काय होतो, हे त्याला दिल्लीत जाऊन शिकावं लागलं नव्हतं.

पंतांनी फोटो अलगद टेबलावर ठेवला.

“अल्बम ज्यांनी दिला त्या वत्सलाबाई शेवडे आज यायच्यात. ही त्यांची आई.”



“मी परत लावतो, पंत. रंग जुळवून. त्यांना कळायचंसुद्धा नाही.”

“लाव की.”

निनादने फोटो उचलायला हात पुढे केला.

“कोणत्या नात्याने लावशील?”

निनादने पुढे केलेला हात मागे घेतला. 

दुपारी वत्सलाबाई काठी टेकत आल्या. वय ऐंशीच्या पुढे, चष्मा जाड. पंतांनी चहा विचारला, तर नको म्हणाल्या.

“संक्रांत झाली,” त्या म्हणाल्या. “फोटो घरात नसलेली ही पहिलीच. करमेना. म्हटलं, तिथेच जाऊन यावं.”

निनादने फोटो त्यांच्यापुढे ठेवला. म्हातारीची नजर अधू होती. गप्प राहिला असता तर कदाचित निभावून गेलं असतं. तसा मोह त्याला झालाही.

“आजी,” तो म्हणाला, “यांच्या कपाळावरचं मी पुसलं. मला तो डाग वाटला.”

वत्सलाबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. 

“डागच म्हणायच्या आमच्या काकूसुद्धा.”

निनादने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

“मी पाळण्यात होते तेव्हाच वडील गेले,” त्या सांगू लागल्या. रागाचा लवलेश नव्हता आवाजात. “मग ही शिकली, मास्तरीण झाली. तेव्हा काढलेला हा एकुलता एक फोटो. गावातल्या पोरींना हिने लिहायला शिकवलं, पण संक्रांतीचं हळदीकुंकू आलं की आमच्या घरात ही मागच्या खोलीत बसायची. दार लोटून. ती गेल्यावरच्या पहिल्या संक्रांतीला सगळ्या बायका घरी गेल्या, आणि करंड्यात उरलेलं कुंकू मी हिला लावलं.”

“काकू काय म्हणाल्या?” पंतांनी विचारलं.

“वर्षभर बोलल्या नाहीत माझ्याशी. पुढच्या संक्रांतीला मी पुन्हा लावलं.”

बोलता बोलता त्यांनी पिशवीतून एक लहानशी डबी काढली. झाकण उघडलं, आणि भिंतीवरची पाटी दिसल्यावर हात तसाच थांबला. पाटीवर ठळक लिहिलं होतं, ‘फोटोंना हात लावू नये’.

“चालेल का रे बाळा? आता वस्तू तुमची आहे.”

निनादने पंतांकडे पाहिलं. पंत खिडकीबाहेर बघत होते. ते मान वळवतील म्हणून तो थांबला... त्यांनी वळवली नाही.

कुंकवाने कागदाचं काय होतं हे निनादइतकं त्या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने हातातले पांढरे मोजे काढले. फोटो सरकू नये म्हणून दोन्ही कोपरे बोटांनी धरले.

म्हातारीने बोटाने आईच्या कपाळावर कुंकू टेकवलं. कुंकू थोडं भुवईवर सांडलं. ते तिने पुसलं नाही, त्यानेही नाही.

“आता बरी दिसते,” वत्सलाबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपून उठल्या. निनाद त्यांना धरून रिक्षापर्यंत सोडून आला.

परत आला तेव्हा पंत अजून तिथेच होते. निनाद नोंदीचं कार्ड घेऊन बसला. बाईंचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, मास्तरीण होत्या हेही लिहिलं. मग पेन थांबलं.

“पंत, साल विचारायचं राहिलं. हा फोटो कधीचा लिहू?”

पंतांनी वाकून कपाळावरचं ताजं कुंकू पाहिलं.

“आजचा.”