थव्याच्या टोकाची जागा

फार फार वर्षांपूर्वी, उत्तरेकडच्या एका तळ्याकाठी एक म्हातारा करकोचा राहत होता. हिमशिखरांमधली खिंड आपल्याला नीट आठवते की नाही, या शंकेने त्याला हल्ली घास गिळवत नव्हता.

वाऱ्यांचे, ताऱ्यांचे, जुन्या वाटांचे सारे ज्ञान त्याच्यापाशी होते. पण काही विचारले की तो म्हणे, "बहुधा." पोरे त्याला बहुधाआजोबाच म्हणत.

थव्यात दोन तट होते. एक म्हणे, खिंडीपर्यंत नदीवरून जाऊ. दुसरा म्हणे, कड्यावरून. ज्या तटाचा म्होरक्या टोकाला उडे, त्याने शेवटपर्यंत टोकालाच राहायचे, अशी रीत होती. तो जरा मागे सरकला की दुसरा तट ओरडे, "हरला! हरला!" म्हणून म्होरके छाती फुटेस्तोवर वारा कापत राहत, आणि खिंडीशी पोचता पोचता दगडासारखे खाली कोसळत.

त्या वर्षी तर म्होरक्याच ठरेना. "त्यांचा पुढे असेल तर आम्ही पंखही हलवणार नाही," असे दोन्ही तट म्हणत. इकडे तळ्याच्या कडेला बर्फाची साय धरू लागली. आणखी थोडे थांबले, तर खिंड बुजणार आणि थवा उपाशी मरणार, हे म्हाताऱ्याला दिसत होते.

तेव्हा एक तरुण मादी पुढे आली.

"ए पोरी, आधी डोक्यावर तुरा तर फुटू दे!" नदीवाल्यांचा पुढारी म्हणाला.

"तो फुटेपर्यंत तळं गोठेल, काका."

"पण तू कोणाकडची? नदीची की कड्याची?"

"मला थंडी वाजतेय, काका. उडता उडता ठरवू."

पोरे खिदळली. ती म्हाताऱ्याकडे वळली. "आजोबा, खिंड कुठे?"

"दोन उंच शिखरांच्या मधे. बहुधा. पण पोरी, माझ्या शब्दावर जाऊ नकोस गं. माझं चुकलं आणि सगळे मेले तर?"

"एकट्या तुमच्यावर कोण सोडतंय? माझ्या मागेच राहा. ओळखीचं काही दिसलं की ओरडा."

तिने झेप घेतली. दोन्ही तटांची बिनतुऱ्याची पोरे तिच्यामागे उठली. पोरे उडाली म्हणून आईबाप उडाले. मागे उरायची लाज वाटून पुढारीही उडाले.

शिखरे वर वर चढत गेली. हवा विरळ झाली. मग म्हाताऱ्याला तिच्या पंखांतली थरथर दिसली. ही थरथर त्याने पूर्वी पाहिली होती. त्याने डोळे मिटून घेतले.

"मी दमले," तिचा आवाज आला. "पुढे कोण येतंय?"

आणि ती सरळ रांगेच्या शेपटाशी गेली.

"हरली!" कोणीतरी ओरडले. पण टोकाची जागा रिकामी नव्हती. कड्यावाल्यांचा एक पोरगा तिथे पोचला होता. तो दमला, तसे त्यानेही सांगितले. मग तिसरी आली.

म्हाताऱ्याची पिसे शहारली. पुढची जागा घेणारे पोर कोसळणार, याची त्याला धास्ती होती. पण ती जागा इतक्या सहज सोडता येते, हे त्याच्या सगळ्या विद्येत कुठेच नव्हते.

खिंडीच्या तोंडाशी वारा भिंतीसारखा उभा राहिला. पोरे थकून गेली होती.

"काका, आता तुमची पाळी!" ती मागून ओरडली.

नदीवाल्यांचा पुढारी पुढे गेला. रुंद पंखांनी त्याने वारा फाडला. थोड्या वेळाने त्याचेही पंख थरथरू लागले. मान ताठ ठेवून तो तसाच उडत राहिला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "दमलो रे बाबांनो."

कड्यावाल्यांचा पुढारी लगेच टोकाला आला.

"तीच खिंड!" म्हातारा ओरडला. "बहुधा तीच!"

थवा पलीकडे उतरला.

पुढे काही वर्षांनी त्या डोंगरात राहणाऱ्या एका गिधाडाशी म्हाताऱ्याची गाठ पडली. त्याने भीत भीत विचारले, "त्या वर्षी आमच्यातलं कोणी मागे पडलं होतं का हो? मागे वळून मोजायचा मला धीरच झाला नाही."

"नाव काढू नका त्या वर्षाचं!" गिधाड करवादले. "एरवी खिंडीखाली तुमचा एक म्होरक्या हमखास सापडायचा. तेव्हापासून वाट बघतोय. एक पीससुद्धा पडलेलं नाही."

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो, वेळेवर जागा सोडणे ज्याला जमते, त्याच्याच हाती पुढची जागा द्यावी.