सावरखिंडीतला उंबरा

सावरखिंडीतून कोकणात उतरणारी जुनी पायवाट पहिल्या वळणावर जरा रुंद होते. तिथे एक दगडी उंबरा आहे. चौकट नाही, भिंत नाही, घराचा मागमूस नाही. कातळावर आडवा टाकलेला नुसता उंबरा. फिरायला येणारे त्याला वीरगळ समजून फोटो काढतात. मग वरच्या माउलीच्या देवळातले केदारीमामा गुरव हातातली फुलांची परडी खाली ठेवतात आणि म्हणतात, "बसा जरा. घर वर गावात हाय. उंबरा तेवढा हिथवर चालत आला."

खिंडीवरच्या गवसे घराण्यात फार पूर्वी चिमाक्का नावाची सून होती. एकदा तिचा नवरा धुक्यात वाट चुकला. मीठ घेऊन घाट चढणाऱ्या तांड्यातल्या माणसांनी त्याला अर्धमेल्या अवस्थेत उचलून आणले. तो डोळे उघडीपर्यंत चिमाक्का माउलीदेवीपुढे बसून होती. त्या वेळी तिने शब्द दिला, म्हणे : दारात आलेला माणूस उपाशी असेल तोवर मी उंबरा ओलांडणार नाही.

तेव्हा ही गोष्ट लहान वाटली. दारात येऊन येऊन कोण येणार?

पण घाट वाहता होता. मिठाचे तांडे वर यायचे, तांदळाचे खाली जायचे. चिमाक्काच्या हातची नाचणीची भाकरी आणि कुळथाचे पिठले यांची कीर्ती बंदरापर्यंत गेली. एक पंगत उठेपर्यंत बैलांच्या घंटा पुन्हा वाजायच्या. पुढे नवरा गेला, मुलगा सटवोजी कर्ता झाला. तो ओसरीवरून वाटसरूंना हाका मारायचा, "या, या! आमच्या घरातनं कोण उपाशी गेलाय व्हय?" लोक चिमाक्काला अन्नपूर्णा म्हणत, पाया पडत आणि पानावर बसत. ज्या माउलीला शब्द दिला, तिची जत्रा चिमाक्काने पुढे कधी पाहिली नाही. ढोल तेवढे ऐकले. लेक यमू घाटाखाली दिली, तेव्हा वरात नजरेआड होईपर्यंत ती उंबऱ्याच्या आतच उभी होती. हात पिठाचे होते, म्हणून डोळे मनगटाने पुसले. तिने तक्रार केली असती तरी कुणाकडे? सगळे तिला भाग्यवान म्हणत होते.

एके सकाळी यमूचा दीर धापा टाकत आला. "यमूवहिनी अडल्यात. सुईणीचं काय चालंना. सारख्या आईला हाका मारत्यात."

ओसरीवर तांडा बसलेला होता. चिमाक्काने चुलीत लाकडे सारली. भाकऱ्या कधी इतक्या भराभर पडल्या नव्हत्या. ते जेवले, तिने पदर खोचला, पाऊल उचलले, तोच नवे वाटसरू अंगणात टेकले. ते जेवले, मागून यात्रेकरू आले. उन्हे माथ्यावर आली. दीर कुंपणापाशी येरझाऱ्या घालत होता. चिमाक्का तव्यावरून दाराकडे आणि दारावरून तव्याकडे बघत होती. एक भाकरी करपली. तिच्या हातून करपलेली ती पहिली, असे सांगतात.

पंगतीत बयजा कुंभारीण होती. मडकी विकायला खाली निघालेली, तोंडाने फटकळ. ती अर्ध्या पानावरून उठली.

"बाई गं, लेक तिकडं मरणाच्या दारात, आणि तू आम्हांस्नी पिठलं वाढतीयास?"

"शब्द दिलाय, बयजा. दारात अजून उपाशी माणसं हाईत, उंबरा वलांडता येत न्हाई."

बयजाने उंबरा नीट पाहून घेतला. मग पंगतीकडे वळली. "जेवलात न्हवं पोटभर? मग उठा की बाप्यांनो! पहार आणा. हिला वलांडता येत न्हाई, तर उंबराच हिच्या म्होरं चालू दे."

सटवोजी आडवा आला. "घराचा उंबरा उपटतीस? घर उघडं पडंल!"

"आजवर कधी झाकलेलं होतं?"

तांडेवाल्यांनी पहार घातली. दगड निघाला, वासे लावून खांद्यांवर चढला. उंबरा पुढे आणि त्याच्या मागे, आतल्या अंगाला, चिमाक्का. घर सोडूनही ती घरातच होती.

या वळणावर खालून दुसरा तांडा चढून आला. वाट अरुंद, उंबरा खाली टेकवावा लागला. तांड्यातला म्हातारा हरखून म्हणाला, "चिमाक्का, तू हितं? बरं झालं बाई, सकाळधरनं पोटात काय न्हाई." आणि ती माणसे उंबऱ्यापलीकडे सवयीने हात धुवायला बसली.

वाढायला उठावे तसा चिमाक्काचा हात पदराकडे गेला. खाली दरीत यमूच्या गावचा धूर दिसत होता.

मग ती देवळाच्या दिशेला वळली आणि मोठ्याने म्हणाली, "माउली, ही माणसं उपाशी हाईत. मला दिसतंय. तरी मी जाते."

तिने उंबऱ्याच्या मधोमध पाय दिला आणि पलीकडे उतरली. लोकांनी डोळे मिटले होते. वीज पडली नाही, दरड सुटली नाही. दूर उतारावर तिची धावती पावले तेवढी ऐकू येत होती.

यमूच्या अंगात बोलण्याचे बळ नव्हते. तरी आईला पाहून तिने पहिले हेच विचारले, म्हणे, "आये, मागं कोण जेवायचं ऱ्हायलंय?"

"लई जण."

"मग?"

"ऱ्हाऊ देत."

यमू वाचली, मूल मात्र हाती लागले नाही. देवी कोपली, असे लोक बोलू लागले. चिमाक्काने त्यांना एकदाच उत्तर दिले, "देवीनं न्हाई अडवलं. उशीर मी केला."

यमू हिंडूफिरू लागेपर्यंत ती तिथेच राहिली. परतल्यावरही तिच्या घरी पाने मांडली जात. पण उंबरा परत न्यायला सटवोजीने माणसे पाठवली, तेव्हा तिने त्यांना माघारी वळवले.

आजही गवश्यांच्या दाराला उंबरा नाही. आजही सावरखिंडीतली बाई बाहेर पडली की घरात कोण जेवायचे राहिले आहे, हे तिला कुणी विचारत नाही आणि तीही सांगत नाही. या दगडावर पाय देते आणि उताराला लागते.