पिसाचा दोरा

तळ्याला अजून नाव पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. बाहेरून आलेल्या चिलापी माशांनी तिथल्या मरळींची अंडी खाऊन सगळं पाणी बळकावलं होतं. कोळी नावेवर काठ्या बडवून चिलापींना जाळ्याकडे हाकायचे, पण त्या पाणगवतात दडायच्या.

एकदा जाळ्यात सापडलेल्या चिलापीच्या शेपटीला कोळ्याने लांब दोरा बांधला, टोकाला बगळ्याचं पीस लावलं आणि तिला सोडून दिलं.

"त्याला माझी दया आली," ती घोळक्यात सांगत फिरली.

त्यानंतर घोळका जिथे लपेल, तिथेच काठ्या वाजू लागल्या. शेवटी ती एकटी उरली.

"वर बघ," म्हातारी मरळ म्हणाली. पाण्यावर पीस तरंगत होतं.

"आजी, तुला हे आधीपासून दिसत होतं?"

"दिसत होतं. तुम्हाला माझी अंडी दिसायची, तसंच."