सुगंधाच्या चष्म्याची जाड कड

सुगंधाचा नंबर उणे बारा. जड चष्म्याने नाक सोलवटलं, म्हणून पोरगी वर्गात चष्मा काढूनच बसू लागली. तेव्हा तिची आजी, शिवणकाम करणारी भागीरथी, तिला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली.

दुकानदार नेरूरकरांनी ऐटीत भलीमोठी फ्रेम पुढे केली. "यात महागातली पातळ भिंगं घाला, नाहीतर जड वागवा. तिसरा उपाय नाही. तुम्हाला काय कळणार, आजी!"

आजीने जुन्या भिंगावर बोट फिरवलं. "मध्ये पातळ आहे, जाडी सगळी कडेला. लहान फ्रेम घ्या, म्हणजे ही कड कापली जाईल."

"पण फॅशन मोठ्या फ्रेमची आहे!"

"असू दे की. फॅशन तुमची आणि ओझं माझ्या नातीच्या नाकाला?"

नेरूरकरांनी मोठी फ्रेम बाजूला ठेवून लहान फ्रेम काढली.