भिंतीतून सरकवलेला पापड

काळ्या मातीच्या एका गावात एकाच भिंतीला खेटून शेजारी शेजारी दोन घरं उभी होती. एकात थोरली जाऊ राहायची, दुसऱ्यात धाकटी.

दोघींचं भांडण झालं होतं. थोरली एकदा धाकटीच्या पुरणपोळीला जाड म्हणाली, एवढंच. (जाड असणारच. माझ्याही होतात, पण कुणी तोंडावर म्हणून तर बघावं!) "ती आधी येईल, मगच मी जाईन," असं दोघींनी ठरवलं. नवरे दुसऱ्याच दिवशी पारावर तंबाखू मळत बसले, पण या दोघींनी अकरा वर्षं एकमेकींचा उंबरा ओलांडला नाही.

आता त्या गावची जमीन अशी, की उन्हाळ्यात सुकून फाटायची आणि वरची घरंही थोडी थोडी फाडायची. पावसात माती पाणी पिऊन फुगली की घरांच्या भेगा आपसूक मिटायच्या. दोघींच्या मधल्या भिंतीलाही होळीनंतर एक भेग पडायची, छतापासून कमरेपर्यंत, बोटभर रुंद.

त्या भेगेतून दोघी बोलायच्या. भेगेतून बोललं की कुणी आधी गेलं असं होत नाही ना! दुपारी कामं आटोपली की आपापल्या बाजूला भिंतीला टेकून बसायच्या. थोरली उडदाचा पापड उभा धरून पलीकडे सरकवायची.

"मीठ बघ गं."

"कमी आहे, अक्का."

"तुझ्या जिभेलाच कमी!"

पाऊस लागला की भेग मिटायची. मग धाकटी येता-जाता भिंतीवरून हात फिरवायची. होळी कधी येते, म्हणून.

एका वैशाखात धाकटीच्या लेकीला बघायला पाहुणे येणार होते. तेव्हा ती भेग धाकटीच्या डोळ्यांत एकदम खुपायला लागली. तिनं गवंड्याला बोलावलं.

"काकू, आत्ता नका भरू," गवंडी म्हणाला. "पावसात भिंत परत जवळ येते. मध्ये सिमेंट भरलं तर तिनं यायचं कुठं?"

"आणि पाहुणे काय म्हणतील?"

त्यानं भेग भरली. पाहुणे आले, पोहे खाल्ले, मुलगी पसंत केली. भिंतीकडे एकानंही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी सवयीनं भिंतीला टेकली. "अक्का, पसंत पडली गं पोरगी!" पलीकडून काहीच आलं नाही. तिनं बोटानं ठोकून पाहिलं. सिमेंट घट्ट होतं. पलीकडे थोरली हातात पापड धरून बसली होती. तिला वाटलं, हिनं मलाच बुजवून टाकलं.

थोरलीचं दार बारा पावलांवर होतं. धाकटी रोज सहा पावलं जायची आणि परत यायची.

श्रावणात माती फुगली. भिंत जवळ यायला निघाली, पण मध्ये सिमेंट. मग तिनं पोट काढलं, छताला तडा गेला, आणि एका सकाळी थोरलीच्या दाराची चौकट पिळवटली. दार उघडेना.

"अगं, आहे का कुणी?" थोरली आतून ओरडली. "छत पडतंय गं!"

धाकटी पोळपाट टाकून पिठाच्या हातांनी धावली. तिनं दाराला खांद्यानं धडक दिली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दार उघडलं आणि ती उंबऱ्यावरून थेट आत आपटली.

थोरलीनं खाली बघितलं. "आलीस?"

"आले कुठं? पडले. हे धरायचं नाही."

"नाही धरत," थोरली म्हणाली, आणि तिला हाताला धरून बाहेर अंगणात आणता आणता रडायला लागली. "अकरा वर्षं गं. बारा पावलांसाठी."

मग तिनं कनवटीला गुंडाळलेला एक पापड काढला. वैशाखातला. कडा मोडल्या होत्या. "मीठ बघ."

धाकटीनं कच्चाच तुकडा तोंडात टाकला. डोळ्यांतलं पाणी ओठांवर आलं होतं. "आज बरोबर आहे," ती म्हणाली.

गवंड्यानं सिमेंट काढून भिंत नीट केली. पुढच्या होळीनंतर भेग पुन्हा पडली. पण दुपारी तिच्यापाशी कुणी बसेना. दोघीही भिंतीच्या एकाच बाजूला असायच्या.

तात्पर्य: भिंतीची भेग ऋतू बदलला की मिटते, माणसांमधली नाही, म्हणून ज्याला जास्त आठवण येते त्यानंच आधी दारात जावं, पडत गेलं तरी चालेल.