अळंबीचे पहिले ताट

एकदा एक तरुणी दूरच्या नगरात वनस्पतींचे शिक्षण घेऊन आपल्या डोंगरातल्या गावी परत आली. येताना तिने मनात एक चित्र रंगवले होते. श्रावणातले ओले रान, टोपल्या घेऊन हिंडणाऱ्या बायका, घरोघरी अळंबीचा दरवळ, आणि त्या साऱ्यांत मिसळून गेलेली ती. प्रत्यक्षात रानात एकही टोपली दिसली नाही. वारुळांवर अळंबी उगवत होती, उमलत होती आणि जागच्या जागी काळी पडून विरघळत होती. कुणी तिला हात लावत नव्हते.

गावात अळंबी ओळखणारा एकच वृद्ध उरला होता आणि त्याची दृष्टी मंदावली होती. त्याच्यामागे कोण, याचे उत्तर कुणापाशी नव्हते. जिथे खात्री नाही तिथे चूल पेटत नाही.

त्या गावाची एक जुनी रीत होती. ज्याने अळंबी खुडली, त्याने त्या संध्याकाळी ती एकट्यानेच जेवायची. उरलेली दोऱ्यात ओवून चुलीवरच्या धुरात टांगायची, कारण ताजी अळंबी फार टिकत नाही. खुडणारा पुढे पाणवठ्यावर येऊन ‘मी जेवलो’ असे म्हणाला, की मगच ती माळ घरोघर वाटली जाई.

तरुणी त्या वृद्धाकडे गेली. रानाच्या कडेला त्याची झोपडी होती. झोपडीत एक चूल, एक ताट आणि धुराने काळवंडलेले आढे. त्याने तिला शिकवायचे कबूल केले. तो तिचा हात धरून वारुळापाशी बसे आणि अळंबीच्या देठावरून बोटे खाली खाली नेई, पार मातीच्या आत.

“अंगठ्याला कडं लागलं तर सोड. बुंध्याशी वाटी लागली तर सोड, ती विषारी. लांब मूळ वारुळात उतरलेलं हाताला लागेपर्यंत खुडायचं नाव घेऊ नकोस.”

दिवस कलला की तो तिला घरी पाठवी आणि एकटा जेवायला बसे. तिला ते निष्ठुर वाटे. घरी परतावे तर तिथेही तिचे एकटीचेच भांडे. गावात तिच्याशी बोलणारे पुष्कळ होते, तिच्या हातचे खाणारे कुणी नव्हते.

शेवटी तिने धीर केला. पाणवठ्यावर बायकांना म्हणाली, “परवा माझ्याकडे जेवायला या सगळ्याजणी. मी स्वतः खुडलेली अळंबी रांधणार आहे.”

त्यांतल्या बुधीमावशीने हंडा कमरेवर घेतला. “आधी तुझं ताट वाढ गं बाई, मग आमचं.”

“आणि वाढशील तेव्हा आम्हाला बोलाव, लांबून बघायला!” दुसरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. पण येतो म्हणाल्या. तरुणीच्या दृष्टीने तेवढे पुष्कळ होते. त्या जेवल्या, तर रान पुन्हा गावाचे होणार होते. नाही जेवल्या, तर वृद्धाबरोबर ही विद्याही मातीत जाणार होती.

दुसऱ्या दिवशी ती एकटी रानात गेली. एका अनोळखी उतारावर अळंबीचे पांढरे पीकच लागले होते. पहिली दोनचार तिने मुळापर्यंत उकरून पाहिली. मग आनंदाने तिचे भान हरपले. मातीला धक्का लागू नये, असे ती नगरात शिकली होती. तिने सुरी काढली आणि देठ जमिनीलगत कापत सुटली. टोपली भरली, तशी ती वृद्धाच्या झोपडीत आली. इतकी स्वच्छ टोपली त्या झोपडीत कधी आली नव्हती.

वृद्धाने एक अळंबी उचलली. त्याची बोटे देठावरून उतरली आणि कापावर थांबली. त्याने दुसरी उचलली, तिसरी उचलली. मूठभर चिरून त्याने मीठ घालून शिजवली, आपल्या ताटात वाढली आणि ते ताट तिच्यापुढे ठेवले.

“बाबा, बरोबर आहेत ना?”

“तुझं ताट आहे, पोरी,” एवढे म्हणून तो बाहेर उंबरठ्यावर जाऊन पाठ करून बसला.

ती ताटापुढे बसली. वाफ निवली. तिने टोपलीकडे पाहिले. शेवटची अळंबी तिने खुडली, तिथे वारूळ होते का? आठवेना. कुठल्या देठाला मूळ होते, कुठल्याला वाटी? जे पाहायचे होते ते मातीतच राहून गेले होते. तिचा हात उठेना. आणि हेच उद्या ती हसतमुखाने वाढणार होती.

“बाबा, माझ्याने जेववत नाही.”

“कळलं. घास उचलताना कांकणं वाजली असती तर मी हात धरला असता.”

“तुम्हीच सांगा मग, यातली चांगली कुठली?”

“मूळ नाही, तर माझी बोटंही आंधळीच. पण ऐक. एकट्याने जेवायची रीत विष तपासायला नाही. काही विषं दिवसभर गप्प बसतात, मग बोलतात. शंका असेल ते तोंडात घालायचंच नाही. ही रीत खुडणाऱ्या हाताला थांबवण्यासाठी आहे. चार जणांत बसलं की माणूस त्यांच्या भरवशावर घास घेतो. एकट्याच्या ताटापुढे स्वतःशी खोटं बोलता येत नाही. ज्याच्या शब्दावर गाव जेवतं, त्याला आधी हे एकटेपण जेवावं लागतं.”

तिने ताटातली आणि टोपलीतली सगळी अळंबी खड्ड्यात पुरली.

सकाळी ती पाणवठ्यावर गेली. बायका वाटच पाहत होत्या. ती म्हणाली, “आज वरणभात आहे. अळंबी नाही. मी जेवू शकले नाही.”

कुणी हसले नाही. बुधीमावशीने विचारले, “मग अळंबी कधी गं?”

“मी एकटी बसून जेवेन, त्यानंतर,” ती म्हणाली आणि सुरी तिथेच दगडावर ठेवून रानाकडे वळली.