म्हाताऱ्या स्पीकरची पेटी

फार वर्षांपूर्वी मिरजेत गफूर मिस्त्रींच्या दुकानात एक जुना स्पीकर होता. त्याच्या पेटीला वाळवी लागली, म्हणून मिस्त्रींनी दोन नव्या पेट्या केल्या. एक सगळीकडून घट्ट बंद होती, तर दुसरीला हवा जायला पुढे गोल भोक होतं.

दोघींचं भांडण आठ दिवस थांबेना. "तुझ्यात त्याचा जीव गुदमरेल," भोकाची पेटी म्हणे. "तुझ्यात आवाज नुसता घुमेल," बंद पेटी म्हणे.

"अगं बायांनो, मला विचाराल का?" स्पीकर वैतागून ओरडला. कुणी ऐकलं नाही.

मिस्त्रींनी त्याला आधी भोकाच्या पेटीत बसवलं आणि तबल्याची रेकॉर्ड लावली. डग्ग्याच्या पहिल्याच घुमाऱ्याला त्याचा कागदी पडदा भसकन पुढे आला आणि कडेला चिरला.

"अरेरे, वयानं याचा पडदा फार सैल झालाय! याला मागून कोंडलेल्या हवेचा आधार हवा," म्हणत मिस्त्रींनी चीर चिकटवली आणि त्याला बंद पेटीत बसवलं. आता डग्गा स्वच्छ वाजला.

"बघ, मीच चांगली!" बंद पेटी म्हणाली.

"गप्प बस गं," स्पीकर म्हणाला. "तरुणपणी मी तिच्यातच शोभलो असतो. दोघींपैकी एकीनं तरी आधी माझं वय विचारायचं होतं!"